मामा विचारतो, अजून कॉन्ट्रॅक्टवरच का?

भाऊ, तुझं पत्र मिळालं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर आहेस, वय 31, दर सात महिन्यांनी ब्रेक आणि परत नवीन गेटपास, स्थळं येतात पण पर्मनंट नाही कळलं की फोन उचलत नाहीत, शाळेच्या ग्रुपवर पुण्यातल्या फ्लॅटचे फोटो येतात म्हणून तू ग्रुपच सोडला, आणि मामेबहिणीच्या लग्नात मामाने सगळ्यांसमोर विचारलं अजून कॉन्ट्रॅक्टवरच का, तर न जेवता सिडकोत घरी निघून आलास. शेवटी लिहिलंयस, "ताई, मी असलो काय नसलो काय, कुणाला काय फरक पडतो."

आधी त्या ओळीचं बोलू. सरळ विचारते, राग मानू नको, मरायचे विचार येतात का? येत असतील तर आत्ता वाचणं थांबव आणि 14416 ला फोन लाव. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, 2022 पासून चालू आहे, 24 तास असतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि तू लिहिलंयस पहाटे तीनलाच जाग येते, जेवण जात नाही, हे महिनाभर चाललंय, तर सिव्हिलला जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखव. ताप आला तर दाखवतोसच ना, तसंच दुखणं आहे हे, लाजायचं काय त्यात. पगारातून ईएसआय, म्हणजे दवाखान्याचा कामगार विमा, कापत असतील तर ठेकेदाराकडून कार्ड मागून घे, 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ते कॉन्ट्रॅक्टवर असले तरी लागू असतं.

आता मामाचा प्रश्न. ब्रेक का देतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, 240 दिवस भरले की पर्मनंटचा हक्क मागता येतो, ते भरू नयेत म्हणून देतात. म्हणजे तू कितीही जीव ओतून काम केलंस तरी दिवस भरू द्यायचेच नाहीत हे आधीच ठरलेलं, आणि त्याच मशीनवर नवीन आलेल्या पर्मनंट पोराला सेटिंग शिकवली कोणी तर तू! मग कमी कोण पडलं सांग मला? हे कळून घरभाडं कमी होत नाही, मुलीचा बाप तेच विचारणार, सगळं मान्य, पण रात्रभर जागून स्वतःला शिव्या द्यायच्या असा तुझा काही गुन्हा नाही.

मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? नोकरी, लग्न, मामा तू दोन-दोन ओळीत उरकलं आणि ढोल पथकावर अर्धं पान लिहिलंस. नवीन पोरं टिपरू आवळून धरतात मग मनगट भरून येतं, त्यांना सैल धरायला तू शिकवायचास, ढोल नीट ताणला गेला नाही की तुझ्याचकडे घेऊन यायचे. ते तू गेल्या वर्षी सोडलंस, कारण काय तर तिथली पोरं पॅकेजच्या गप्पा मारतात, आपण काय बोलायचं. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे. कंपनी काय करते ते तुझ्या हातात नाही, पण जिथे तुझी वाट बघायचे ती जागा तू स्वतः सोडलीस रे! माणूस खचला की असंच होतं, लाजेपोटी लोकांत जाणं बंद करतो, मग कुणी विचारत नाही, मग म्हणतो बघा मला कुणी विचारत नाही, आणि उरतात कोण तर मामा आणि मोबाईल. गणपतीच्या आधी सराव सुरू झाला की जा. कुठे होतास विचारलं तर शिफ्टचं जमत नव्हतं म्हण, एवढं बास.

मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण करू का विचारलंस. कर की, आपल्या नाशकातच आहे, 1989 पासून कामावरची माणसंच तिथे शिकतायत. फक्त मामाला दाखवायला करणार असशील तर नको, मन लागायचं नाही. आणि पीएफचं पासबुक यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, टाकून बघून घे, एवढे ठेकेदार बदललेत, कुणी भरलाय कुणी नाही ते तरी कळेल.

आईला मात्र आजच सांग की झोप लागत नाही, तिला वाटतंय तू मोबाईल बघत बसतोस. आणि पुढचं स्थळ आलं की कॉन्ट्रॅक्टवर आहे हे तिने पहिल्याच फोनवर सांगून टाकावं, थोडे येतील, पण जे येतील ते माहिती असून येतील.