कॅम्पसवर कोणाला कसं वागवलं जातं, हे विचारताना

पहिलीच पाहणी हाती घेतली आहेस, मनापासून आनंद झाला. प्रश्न १५ च्या वर नेऊ नकोस.

सगळ्यात आधी जपायची ती ओळख. नाव विचारलं नाही की झालं, असं नवख्यांना वाटतं. पण विभाग, वर्ष, जमात आणि गाव एकत्र विचारलंस, तर वर्गातली धडगावची एकुलती पावरा मुलगी लगेच कळते. मग ती खरं लिहील कशाला? गाव वगळच. पाचापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवू नकोस.

नेहमीच्या चुका:
- ‘इथे सर्वांना समान वागणूक मिळते का?’ याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘या सत्रात तुझ्या अहिराणी किंवा भिली बोलण्यावर कोणी हसलं का?’ असं घडलेलं विचार.
- फॉर्म फक्त वर्गात वाटणं, तेही सर समोर उभे असताना. वसतिगृहात, मेसमध्ये जा. चोपडा, अमळनेरहून एसटीने ये-जा करणाऱ्यांना दुपारी गाठ.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते. तिचा संपर्क फॉर्मखाली छाप.

टक्केवारी, तुलना नंतर बघू. आधी दहा जणांकडून भरून घे आणि कुठे अडखळले ते विचार.