वाचकांचे प्रश्न : यंत्राला मोटार निवडताना

प्रश्न : माझे कडबाकुट्टी यंत्र आजवर ८ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनावर चालत होते. आता तीन फेजची जोडणी मिळाली आहे. यंत्रावरची पुली १२ इंची असून तिला मिनिटाला ६०० फेरे लागतात. विक्रेता साडेसात अश्वशक्तीची, २८८० फेऱ्यांची मोटार सुचवतो. शेजारी म्हणतात, पाचाची पुरे. त्याच केबलवरचा पंप सुरू होताना व्होल्टेज ४१५ वरून ३४० पर्यंत उतरते. कोणती मोटार घ्यावी आणि स्टार-डेल्टा स्टार्टर लावावा का?

उत्तर : इंजिनाच्या अश्वशक्तीवरून मोटारीची अश्वशक्ती ठरवू नये. जाड पेंढी पात्यांखाली आली की इंजिन दबते आणि बंद पडते, म्हणून ते गरजेपेक्षा मोठे घेण्याची पद्धत पडली. इंडक्शन मोटार मात्र क्षणभर आपल्या पूर्ण भाराच्या टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) दुपटीहून अधिक जोर देऊ शकते, आणि यंत्राचे जड चाकही अशा झटक्यांचा बराच भाग पचवते. म्हणून आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे मला अधिक पटते. तरीही अंदाजावर खरेदी करू नका. साडेसात अश्वशक्तीची एखादी मोटार दोन तासांसाठी मागून आणता आली तर ती यंत्राला जोडा, नेहमीच्या वेगाने कडबा घाला आणि क्लॅम्प मीटरने एका फेजचा प्रवाह पाहा. अशी मोटार पूर्ण भारावर सुमारे ११ अँपिअर घेते. व्होल्टेज ठीक असताना काटा सातच्या आसपास राहिला तर पाचाची मोटार निर्धास्त घ्या.

फेऱ्यांच्या बाबतीत मात्र विक्रेत्याचा सल्ला मला मान्य नाही. ५० हर्ट्झवर दोन पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३०००, चार पोलच्या मोटारीचे १५०० आणि सहा पोलच्या मोटारीचे १००० फेरे घेते. प्रत्यक्ष आस त्याहून थोडा मागे राहतो, म्हणून नेमप्लेटवर २८८०, १४४०, ९६० असे आकडे दिसतात. आपल्या १२ इंची पुलीला ६०० फेरे देण्यासाठी १४४० च्या मोटारीवर ५ इंची पुली बसते. २८८० च्या मोटारीला ती अडीच इंचीच घ्यावी लागेल. एवढ्या लहान पुलीवर पट्टा फार तीव्र वळतो, त्याची पकड कमी पडते, घसरू नये म्हणून आपण तो आणखी ताणतो आणि तो ताण शेवटी मोटारीच्या बेअरिंगवर येतो. चार पोलची मोटार किंचित जड आणि महाग असते, पण या कामाला तीच योग्य आहे. सोबत हिशेबही देतो: किलोवॉटला ९५५० ने गुणून फेऱ्यांनी भागले की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. पाच अश्वशक्ती, म्हणजे ३.७ किलोवॉट, १४४० फेऱ्यांवर सुमारे २४.५ न्यूटन-मीटर देते.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा अश्वशक्तीचा नसून ३४० व्होल्टचा आहे. मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ४१५ चे ३४० झाले की व्होल्टेज ८२ टक्के उरते, पण टॉर्क ६७ टक्क्यांवर येतो. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटार आधी कमी दाबावर (स्टार) सुरू करून मग पूर्ण दाबावर (डेल्टा) नेतो; त्याच्या पहिल्या टप्प्यात टॉर्क मुळातच एक तृतीयांश होतो. स्टारमध्ये प्रवाहही तेवढाच उतरत असल्याने व्होल्टेजची घट कमी होईल हे खरे. पण वीजच मुळात कमी दाबाने येत असेल, तर हातात जेमतेम २२ टक्के टॉर्क उरतो, आणि पात्यांत कडबा अडकलेला असेल तर चाक जागचे हलणार नाही. म्हणून यंत्र नेहमी रिकामे सुरू करा, चाकाने पूर्ण वेग घेतल्यावरच पेंढी घाला. थेट स्टार्टरवर (पहिल्या क्षणापासून पूर्ण दाब देणाऱ्या) मोटार सुरू होताना सहा-सात पट प्रवाह घेते, तेव्हा केबलमधली घटही तितकीच वाढते. मीटरजवळ व्होल्टेज उत्तम आणि मोटारीच्या टर्मिनलवर दयनीय, असे तेव्हाच घडते. दोन्ही ठिकाणी मोजा. घट केबलमध्येच असेल तर मोठ्या मोटारीवरचा खर्च वाचवून जाड केबल टाका.

मोटार पूर्ण बंदिस्त, आयपी ५५ संरक्षणाची (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाचा दर्जा) घ्या आणि मागच्या पंख्याच्या जाळीवर साचणारा भुसा रोज झाडा. धूळ जाऊ नये म्हणून मोटारीला गोणपाट गुंडाळलेले मी पाहिले आहे. मोटार धुळीने नव्हे, त्या गोणपाटाने जळाली.

प्रश्न : आमच्या कारखान्यात दाट लगदा ढवळणारी मोटार ड्राइव्हवर (विजेची वारंवारता बदलून वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) दिवसभर १५ हर्ट्झला चालते. प्रवाह नेमप्लेटपेक्षा कमीच असतो, तरी मोटारीला हात लावता येत नाही. मोठी मोटार घ्यावी का?

उत्तर : मोटारीला थंड करणारा पंखा तिच्याच आसावर असतो. १५ हर्ट्झला तो ३० टक्के वेगाने फिरतो, म्हणजे वारा जवळजवळ नाहीच. पाण्याच्या पंपाचा भार वेगासोबत झपाट्याने उतरतो, म्हणून तिथे हे खपून जाते. दाट लगदा मात्र कमी वेगातही जवळपास तेवढाच टॉर्क मागतो, त्यामुळे प्रवाह उतरत नाही आणि वाइंडिंगची उष्णता कायम राहते. मोठी मोटार हा उपाय आहे, पण गिअरबॉक्सचे गुणोत्तर तिप्पट करणे त्याहून चांगले. मग ढवळणीचा वेग तोच राहून मोटार ४५ हर्ट्झला फिरेल, तिच्यावरचा टॉर्क एक तृतीयांश होईल आणि पंखाही पुरेसा वारा देईल. गिअरबॉक्स बदलता येत नसेल तर स्वतंत्र वीज घेणारा पंखा मागे बसवून घ्या.

प्रश्न : जुन्या मोटारीच्या नेमप्लेटवर ‘एस ३ – ४० टक्के’ असे आहे. ती पाण्याच्या पंपाला चालेल का?

उत्तर : नाही. अशी मोटार सामान्यतः दहा मिनिटांच्या चक्रात चार मिनिटे चालून सहा मिनिटे विश्रांती घेण्यासाठी बनवलेली असते. यारीसारख्या कामाला ती ठीक. तासन्‌तास चालणाऱ्या पंपासाठी ‘एस १’ लिहिलेलीच मोटार पाहा.