आमच्या चर्चचे पाळक (पास्टर) फार थकलेले दिसतात. त्यांच्यासाठी प्रार्थना कशी करावी, धीर कसा द्यावा?

नाव घेऊन आणि नेमकी प्रार्थना करा. ‘प्रभू, आमच्या पाळकांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर थांबू नका. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात प्रेषित पौल बेड्यांत आहे, तरी तिथे तो सुटका मागत नाही. सुवार्ता सांगताना शब्द सुचावेत, धैर्य मिळावं, यासाठी प्रार्थना करा म्हणतो. तसंच तुम्हीही मागा: शनिवारी रात्री संदेशाच्या (प्रवचनाच्या) तयारीसाठी, घरच्यांच्या तब्येतीसाठी, मुलांसाठी (बदली झाली की त्यांची शाळाही सुटते), आणि शांत झोपेसाठीसुद्धा.

ग्रामीण भागात बऱ्याचदा एकाच पाळकाकडे अनेक गावं असतात. सकाळी एकीकडे उपासना, दुपारी दुसरीकडे, त्यातच कुणाचा दफनविधी. म्हणून कळकळीची विनंती आहे, रविवारी संध्याकाळी तक्रारीचा फोन करू नका. केलात तर संदेशातलं कोणतं वचन मनाला भिडलं ते सांगा. नुसतं ‘छान झालं’ म्हणण्यापेक्षा त्यानं कितीतरी उभारी येते.

बायबलमधल्या निर्गम १७ मध्ये लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा दिला, मग हात धरले. मंडळीनंही (चर्चच्या सभासदांनी) आधी हेच बघावं: मानधन वेळेवर मिळतं का, आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते का, आजाऱ्यांच्या भेटी चर्चचे वडीलजन वाटून घेतात का.

आणि पाळकबाईंची, म्हणजे पाळकांच्या पत्नीची, विचारपूस करा. त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं बहुतेक जण विसरतात.