वाचकांचे प्रश्न : अनशापोटी लिंबूपाणी

प्रश्न : गेली दोन वर्षे मी रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात अर्धे लिंबू पिळून घेते. त्याने चरबी वितळते आणि दिवसभराचे ‘क’ जीवनसत्त्व मिळते, असे ऐकले होते. वजन मात्र होते तेवढेच आहे. शिवाय अलीकडे दात आंबल्यासारखे वाटतात व थंड पाण्याने कळ येते. हे चालू ठेवावे का?

उत्तर : लिंबाच्या रसाने शरीरातील चरबी वितळत नाही. साखर घातलेल्या एखाद्या पेयाऐवजी तुम्ही हे पाणी घेत असाल, तर तेवढी साखर टळते. वजनाला फायदा झालाच तर तो त्यामुळे.

‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेबही जरा तपासून पाहू. लिंबाच्या 100 ग्रॅम रसात ते सुमारे 39 मिलिग्रॅम असते. अर्ध्या लिंबाचा रस साधारण 20 ग्रॅम धरला, तर तुमच्या पेल्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम येते, आणि प्रौढांची रोजची गरज निरनिराळ्या शिफारशींनुसार 45 ते 90 मिलिग्रॅम आहे. पेरूच्या 100 ग्रॅम गरात हेच जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमहून अधिक असते. लिंबाची कीर्ती मोठी झाली ती वेगळ्या कारणाने. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्यांतून रक्त येऊन खलाशी दगावत त्या स्कर्व्ही रोगावर जेम्स लिंड या शल्यवैद्याने 1747 मध्ये जहाजावरील बारा रुग्णांना दोन-दोनच्या गटांत निरनिराळे उपाय देऊन पाहिले, आणि संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. ताजे अन्नच न मिळणाऱ्या माणसाला थोडा रसही जीवदान ठरला. रोज भाज्या-फळे खाणाऱ्याला तसा चमत्कार जाणवणार नाही.

माझ्या मते लिंबाची खरी जागा जेवणाच्या ताटात आहे. कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच घासाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते लोह शोषण्याजोग्या रूपात येते. म्हणून रक्तात लोह कमी असणाऱ्यांनी लिंबू सकाळी एकटे घेण्यापेक्षा जेवताना पिळावे, आणि तेही अन्न चुलीवरून उतरवल्यावर, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत जाते. रसातील सायट्रिक आम्लापासून मिळणारे सायट्रेट लघवीतील कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे काही प्रकारचे मूतखडे पुन्हा होऊ नयेत म्हणून डॉक्टर लिंबूपाणी सुचवतात. झालेला खडा मात्र त्याने विरघळेल असे समजू नये.

आता दातांविषयी. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो आणि रोजच्या संपर्काने दातांचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, झिजते, जे पुन्हा तयार होत नाही. तुमच्या तक्रारीचे कारण बहुधा हेच असावे, तरी दंतवैद्यांना दाखवून घ्या. तोवर सकाळचा पेला थांबवा. पुढे कधी घेतलात तर घोट-घोट रेंगाळत न पिता संपवा, लगेच साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास दात घासू नका, कारण आम्लाने मऊ पडलेले एनॅमल ब्रशने अधिकच खरवडले जाते.