व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना (कॅप्चर) आवाज चित्राच्या मागे पडत असेल तर

आधी फरक कसा आहे ते बघा. टाळी किंवा दार आपटण्यासारखा क्षण सुरुवातीला आणि शेवटी तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर एडिटरमध्ये ऑडिओ ट्रॅक तेवढा सरकवला की काम झालं. पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीत 1 फ्रेम, म्हणजे एक चित्र, 40 मिलिसेकंदांची असते.

फरक एकसारखा वाढत जात असेल तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या घड्याळांवर चाललेत. बहुतेकदा व्हिडिओ यूएसबी कॅप्चर डिव्हाइसमधून आणि आवाज कॉम्प्युटरच्या साउंड कार्डमधून घेतल्याने असं होतं. दोन्ही एकाच डिव्हाइसमधून घ्या, ऑडिओ 48 किलोहर्ट्झवर ठेवा. झालेली फाइल वाचवायची असेल, तर सुरुवात जुळवून शेवटचा फरक मोजा: 60 मिनिटांना आवाज 0.9 सेकंद मागे असेल, तर 3600.9 ÷ 3600 = 1.00025. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये टेम्पो (आवाजाचा वेग) 0.025 टक्के वाढवा.

पण फरक मध्येच झटक्याने वाढत असेल तर फ्रेम गळताहेत, म्हणजे काही चित्रं कॅप्चरमध्ये सुटताहेत, आणि तिथे ताणाताणीचा उपयोग नाही. कॅसेट पुन्हा कॅप्चर करावी लागते. व्हर्च्युअलडब या कॅप्चर प्रोग्रॅममध्ये गळलेल्या फ्रेम्सचा आकडा दिसतो; तो वाढत असेल तर दुसरी कामं बंद करा, यूएसबी हब काढा. तरीही थांबला नाही, तर दोष टेपच्या अस्थिर सिग्नलचा समजा. व्हीसीआर आणि कॅप्चर डिव्हाइसच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (टीबीसी, सिग्नल स्थिर करणारं उपकरण) लावा, तोही पूर्ण फ्रेमचा. चित्राची एकेक ओळच सुधारणाऱ्या लाइन टीबीसीने चित्राच्या वाकड्या कडा सरळ होतात, फ्रेम गळणं थांबेलच असं नाही.