उपरोधिक जाहिरातीतून वर्णभेद दाखवता येतो का? येतो, पण हसू कुणाचं होतंय ते आधी ठरवा

प्रश्न असा आहे: 'कॉलेजच्या गटातर्फे सोलापुरात वर्णभेदावर आणि गोरेपणाच्या फायद्यावर उपरोधिक जाहिरात करायची आहे. इथल्या लोकांना उपरोध कळेल का? कशी करावी?'

कळेल. 'सोलापूरच्या माणसाला उपरोध कळत नाही' हे बाहेरून आलेल्या डिझायनरांचं आवडतं वाक्य आहे आणि ते साफ चुकीचं आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषांतले टोमणे पचवणारं हे गाव आहे. जाहिरात कळली नाही, तर दोष जाहिरातीचा.

छपाईला आलेलं एक काम सांगतो, कारण त्यात सगळ्या चुका एकत्र आहेत. नवी पेठेत लावायचा फ्लेक्स होता. एका मुलीचा चेहरा अर्धा सावळा, अर्धा गोरा. वर 'कोणती बाजू निवडाल?' आणि कोपऱ्यात संस्थेचं नाव, बारीक अक्षरात. बघणारा खजील होईल, असा करणाऱ्यांचा हिशोब होता. लोक विचारायला लागले, क्रीम कोणत्या दुकानात मिळतं. विचारणारच. फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली आणि 2020 मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झाली. मधली पंचेचाळीस वर्षं 'आधी' आणि 'नंतर'चे चेहरे बघून डोळ्यांना सवय झालेली आहे. तीच मांडणी पुन्हा वापरली की डोळा तेच वाचतो. शिवाय त्या फ्लेक्सवर अडचण कुणाची दिसत होती? सावळ्या मुलीची. ज्याला गोरेपणाचा फायदा मिळतो, तो चित्रात कुठेच नव्हता.

त्याच फ्लेक्सची आणखी एक गंमत नव्हे, शोकांतिका म्हणा: सावळी बाजू छापून आली ती गव्हाळ. कारण फ्लेक्सचा ऑपरेटर कोणताही चेहरा उघडला की आधी कर्व्ह वर ओढतो, म्हणजे चेहरा उजळ करतो, मग त्वचा गुळगुळीत करतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर प्रत्येक भाऊ, दादा, अण्णा गोरे दिसतात ते याच सवयीमुळे. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. गिऱ्हाईक तेच मागतं. पक्षपात यंत्रातही शिरतो, हे जुनंच आहे. कोडॅकची रंगीत फिल्म अनेक वर्षं गोऱ्या बाईच्या फोटोवरून, 'शर्ली कार्ड'वरून, जुळवली जायची. गडद छटा नीट येत नाहीत अशी तक्रार फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांनी केली, तेव्हा कुठे फिल्म सुधारण्याच्या कामाला वेग आला. कृष्णवर्णीय माणसांचे चेहरे तोवर काळवंडून येतच होते.

म्हणून फोटो काढताना प्रकाश चेहऱ्यावर मोजा. पांढऱ्या भिंतीपुढे कॅमेरा ऑटोवर ठेवला तर सावळा चेहरा आणखी काळा पडतो. मागे पिवळा किंवा निळा पडदा घ्या. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, सगळे थर एकसंध करून द्या, सोबत 'चेहरा उजळू नये' असं लिहून द्या आणि त्याच कापडावर, त्याच मशीनवर फूटभराचा नमुना काढायला लावा. किरमिजी (मॅजेंटा) शाई कमी पडली की सावळी त्वचा हिरवट, आजारी दिसते. नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, बाहेर उन्हात बघा.

आता मजकूर. फायदा उघडा पाडायचा तर फायद्याचीच जाहिरात करा. गुंतवणूक योजनेच्या पत्रकाची नक्कल घ्या: 'गोरेपणा योजना. जन्मतः लागू. हप्ता नाही. मुलाखतीत पहिली पसंती. लग्नाच्या बायोडेटात एक ओळ जास्त.' खाली अटी: 'अर्ज करता येत नाही. कष्टाने मिळत नाही. लाभार्थ्याला लाभ दिसत नाही.' यात सावळ्या माणसावर एक शब्द नाही. हसू होतं ते फुकट मिळालेल्या गोष्टीला कर्तबगारी समजणाऱ्याचं.

पण हा मजकूर चौकातल्या फ्लेक्सवर टाकू नका. गाडीवरून जाणाऱ्याकडे तीन-चार सेकंद असतात. सहा-सात शब्दांपलीकडे तो वाचत नाही आणि पन्नास फुटांवरून सहज वाचायला अक्षर साधारण पाच इंच लागतं. पत्रक एसटी स्टँडवर, गड्ड्याच्या जत्रेत, जिथे माणूस थांबतो तिथे द्या. तेलुगू मजकूर वेगळा लिहून घ्या, भाषांतर नको. शेवटी एक सरळ ओळ हवीच: कोण म्हणतंय आणि काय म्हणतंय. 1974 मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. तिथला पूर्वग्रही बाप टिंगलीसाठी उभा केला होता, पण मुळात पूर्वग्रह असलेल्यांना तोच जास्त पटत होता. सरळ ओळ नसेल तर तुमचंही तसंच होईल.

चाचणी घेताना 'कळलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'ही कशाची जाहिरात आहे?' एवढंच विचारा, आणि ते मित्रांना नाही, अशोक चौकातल्या अनोळखी माणसांना. गटात कुणी 'इथल्यांना कळणार नाही' म्हणत असेल, तर त्यालाच वही घेऊन पाठवा. एकानेही किंमत विचारली तर मजकूर बदला.

अमेरिकेतला वंशभेद गुलामगिरीतून आणि विभक्त शाळा-वस्त्यांतून आला. आपल्याकडे रंगाच्या मागे जात उभी असते. तिथली जाहिरात जशीच्या तशी उचललीत तर लोक 'तो त्यांचा प्रश्न' म्हणून मोकळे होतील. मात्र एकाच पत्रकात रंग आणि जात दोन्ही कोंबू नका. खऱ्या कंपनीचं नाव-चिन्ह वापरू नका. मॉडेलला पूर्ण मजकूर वाचून दाखवा आणि मगच लेखी संमती घ्या. फ्लेक्स लावणार असाल तर महापालिकेची परवानगी आधी काढा.