सायलेन्सर बदलल्यावर थ्रॉटल सोडताना फटाके: जेट बदलण्याआधी हवा कुठून शिरते ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2018 ची कार्ब्युरेटरवाली रॉयल एनफील्ड क्लासिक 350, कंपनीचा सायलेन्सर काढून आखूड मोकळा सायलेन्सर बसवला, आणि तेव्हापासून फ्लायओव्हर उतरताना थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटतात. मेकॅनिक मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मोठं टाका म्हणतोय. टाकायचं का?

नका टाकू. थ्रॉटल मिटलेला असताना मेन जेटचा काही संबंधच नसतो. ते खरं कामाला लागतं साधारण तीन चतुर्थांशाच्या पुढे थ्रॉटल उघडल्यावर. मोठं मेन जेट टाकून फटाके तसेच राहतील, वर अ‍ॅव्हरेज पडेल आणि प्लग काळे होतील.

फटाका फुटायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: न जळलेलं पेट्रोल, तापलेला पाइप आणि ताजी हवा. थ्रॉटल मिटला तरी चाकं इंजिनाला फिरवतच असतात. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल अगदी थोडं येतं, त्यात जुना धूरही मिसळलेला असतो, त्यामुळे ठिणगी पडूनही काही वेळा मिश्रण पेटत नाही. ते तसंच बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपमध्ये जातं. धुराच्या प्रत्येक धक्क्यामागे पाइपमध्ये क्षणभर दाब कमी होतो आणि सांध्यात फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोलला हवा मिळाली की तिथेच पेटतं. पाइप गरम राहणारच, त्यावर इलाज नाही. बाकीच्या दोन गोष्टींवर आहे, आणि त्यात हवा आधी, पेट्रोल नंतर. पहिल्यांदा मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) हलवलं तर गळती झाकली जाते आणि नंतर काही केल्या ट्यूनिंग जमत नाही.

सुरुवात हेडपाशी करा, म्हणजे बेंड पाइप इंजिनाला जिथे जोडला जातो तिथे. सायलेन्सर बदलताना बेंड पाइप सैल केला असेल किंवा काढला असेल आणि जुनंच पॅकिंग परत बसवलं असेल, तर नव्वद टक्के संशय तिथेच. हे पॅकिंग एकदा दाबलं गेलं की त्याचा आकार ठरतो, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही. दरवेळी नवं घ्या. आणि नवं टाकण्याआधी पोर्टमध्ये (हेडच्या धूर बाहेर पडायच्या तोंडात) टॉर्च मारून बघा. जुनं पॅकिंग काजळीने इतकं काळं होतं की ते पोर्टचाच भाग वाटतं. त्यावर दुसरं चढवलं की पाइप तिरका बसतो. वाकवलेल्या तारेच्या हुकने जुनं ओढून काढा, हेडच्या अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर घासू नका.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत एक्झॉस्टचे स्टड (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे) आणि नट लवकर गंजतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट अडला तर जोर लावू नका, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत सोडवा. स्टड हेडमध्ये तुटला तर ड्रिल मारून नवे आटे पाडण्यापर्यंत काम जातं.

आता बसवण्याचा क्रम, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सगळे नट-बोल्ट आधी फक्त हाताने लावा: हेडचे नट, सांध्याचा क्लॅम्प, सायलेन्सर टांगणारा बोल्ट, सगळे. मग हेडचे नट आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करा, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. त्यानंतर क्लॅम्प, सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. बहुतेक ठिकाणी मागचा बोल्ट आधी आवळतात, कारण सायलेन्सर हातात धरून कंटाळा येतो. तसं केलं की सायलेन्सर बेंड पाइपला खेचून धरतो, हेडवर एका बाजूला फट राहते आणि नवं पॅकिंगही गळतं. बाजारातल्या सायलेन्सरची पट्टी अनेकदा काही मिलिमीटर इकडे तिकडे असते. बोल्ट भोकात सरळ जात नसेल तर पाइप वाकवून बसवू नका, पट्टीचं भोक लांबट करून घ्या. गाडी एकदा पूर्ण तापवून थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा, ते थोडे सैल झालेले सापडतात.

दुसरी जागा बेंड पाइप आणि सायलेन्सरचा सांधा. पाइपचा बाहेरचा व्यास आणि सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर क्लॅम्प कितीही आवळा, फट राहते. मधे ग्राफाइटची रिंग किंवा पातळ स्टीलची पट्टी घाला. एक्झॉस्ट पेस्ट या सांध्यावर चालते. लाल सिलिकॉन हेडपाशी अजिबात लावू नका. 300 अंशांच्या पुढे ते टिकत नाही, जळून जातं, आणि पोर्टपाशी तापमान त्याच्या कितीतरी वर असतं.

गळती शोधायची तर इंजिन थंड असताना सुरू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा आणि कान सांध्यांकडे ठेवा. फुस्स असा आवाज येतो. सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं तर फुगे दिसतात. पाइप तापायच्या आत हे उरका. सांध्याभोवती काळा पट्टा दिसत असेल तर शोधायचीही गरज नाही.

तिसरी जागा पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. अनेक गाड्यांना प्रदूषण कमी करायला एअर इंजेक्शन असतं: एअर फिल्टरच्या डब्याकडून एक रबरी नळी व्हाल्वमधून हेडच्या एक्झॉस्ट पोर्टजवळ जाते आणि धुरात मुद्दाम हवा सोडते. मूळ सायलेन्सर त्यातून होणारे छोटे फटाके दाबून टाकतो, मोकळा सायलेन्सर ते ऐकवतो. तुमच्या गाडीला अशी नळी असेल तर तपासणीपुरती ती फडकं गुंडाळून पकडीने चिमटा आणि एक फेरी मारा. फटाके लक्षणीय कमी झाले तर आतला रीड व्हाल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी पातळ पट्टी) काजळी धरून नीट मिटत नसेल, तो साफ करा किंवा बदला. नळी कायमची बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नका. धूर जाळण्यासाठीच ती यंत्रणा आहे, आणि बीएस 6 गाडीत तिची वायर काढली तर मीटरवर इंजिनाचा दिवाही लागू शकतो.

इतकं होऊनही फटाके असतील तर पेट्रोलकडे वळा. आधी चोकची चाचणी करा. इंजिन तापलेलं असताना चोक किंचित ओढून दोनशे मीटर चालवा, चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडा. फटाके थांबले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी; जाड म्हणजे उलटं. आणखी एक खूण: जागेवर रेझ करून सोडल्यावर इंजिनाचा आवाज रेंगाळत खाली येत असेल तर पातळ, आयडलच्याही (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं त्या वेगाच्याही) खाली डुबकी मारून परत वर येत असेल तर जाड. पण रेंगाळण्याचं कारण कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबराची चीरही असू शकते, म्हणून त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून आयडल बदलतो का ते बघा. त्यासाठी कार्ब क्लीनर तापलेल्या इंजिनावर मारू नका, आग लागते.

क्लासिक 350 च्या व्हॅक्यूम कार्ब्युरेटरमध्ये मिक्स्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो. तो पेट्रोलचा स्क्रू: बाहेर काढला की मिश्रण जाड. ज्या कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो तिथे उलटं, तो हवेचा स्क्रू, आत गेला की जाड. हे न बघता फिरवल्यामुळे कितीतरी गाड्यांचं काम उलटं होतं. स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आत बसवत फेरे मोजा आणि लिहून ठेवा. जोराने बसवला तर त्याचं टोक आणि बसायची जागा दोन्ही जातात. मग मूळ जागेवर आणा, इंजिन पूर्ण तापवा, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं चालवून या, आणि पाव-पाव फेरा बाहेर काढत जा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. आयडल सगळ्यात वर जाईल तिथून आणखी पाव फेरा बाहेर ठेवा, मग आयडल स्क्रूने आरपीएम परत 1000 ते 1100 वर आणा. तीन फेऱ्यांच्या पुढे जाऊनही फरक पडत असेल तर पायलट जेट (थ्रॉटल मिटलेला असताना पेट्रोल देणारं छोटं जेट) लहान पडतंय. मिकुनीच्या धर्तीचे पायलट जेट 2.5 च्या टप्प्याने येतात. एकच टप्पा वर जा, स्क्रू परत दोन फेऱ्यांवर आणून पुन्हा सुरुवात करा. जेट घेताना ऑपेरा हाऊसच्या बाजारात जुनं जेट सोबत न्या. आटे आणि लांबी जुळलीच पाहिजे, नुसता नंबर सांगून भागत नाही.

आणि सगळा दोष सायलेन्सरला देऊ नका. पंपावर आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या 1 भागाला पूर्ण जळायला हवेचे 14.7 भाग लागतात, ई20 ला साधारण 13.5. म्हणजे 2018 साली जमवलेला कार्ब्युरेटर त्याच जेटवर आज पातळ चालतोय. कार्ब्युरेटर हे स्वतः सुधारत नाही. मोकळा सायलेन्सर लावल्यावर फटाके ऐकू आले, पण मिश्रण आधीपासूनच पातळ असणं अगदी शक्य आहे.

तुमच्या गाडीला दोन प्लग आहेत. एक मेला तरी गाडी चालते, पण पेटणं चुकतं आणि फटाके वाढतात. एकेक प्लगची कॅप काढून, तीत दुसरा प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला नीट टेकवा आणि गाडी सुरू करून बघा. एक कॅप काढल्यावर काहीच फरक पडला नाही तर तोच प्लग किंवा त्याची कॉइल मेलेली.

ज्यांची इंजेक्शनवाली बीएस 6 गाडी आहे त्यांच्यासाठी गणित वेगळं. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर सेन्सरला हवा दिसते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवतो, आणि जाड मिश्रणातही फटाके फुटतात. प्लग काळा, अ‍ॅव्हरेज पडलेलं आणि तरी फटाके, असं असेल तर आधी हेडचं पॅकिंग बघा. शिवाय उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटला की ईसीयू पेट्रोलच बंद करतो आणि आरपीएम उतरल्यावर परत सुरू करतो. त्या क्षणीचे फटाके पिगीबॅकने (पेट्रोलचं प्रमाण बदलायला ईसीयूला जोडतात त्या वेगळ्या डबीने) फारसे जात नाहीत, कारण इंजेक्टर उघडतच नसेल तर वाढवायचं काय? सिलिकॉन वापरायचंच तर सेन्सरला न बिघडवणारं घ्या.

सगळं केल्यावरही आखूड सायलेन्सरमध्ये थोडी गुरगुर राहणार, कारण मागच्या तोंडातूनही हवा आत येते. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसणारी आवाज कमी करणारी नळी) असेल तर बसवा, त्याने आवाजाबरोबर हीसुद्धा हवा कमी होते. बोथट, विरळ फटफट चालेल. बंदुकीसारखा कडक आवाज चालणार नाही, त्याने सायलेन्सरच्या आतली ग्लासवूल (आवाज शोषणारी काचेची लोकर) उडते आणि बॅफलचे (आवाज अडवणाऱ्या पडद्यांचे) वेल्डिंग तुटतात.

चाचणी पेडर रोडच्या उतारावर घेऊ नका, तिथे जसलोक रुग्णालय आहे. रुग्णालयाच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. आणि हेही स्पष्ट सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन होऊ शकतं. मूळ सायलेन्सर विकू नका.

हे करून झालं की तीन गोष्टी लिहा: चोक ओढल्यावर फटाके थांबले का, मिक्स्चर स्क्रू किती फेऱ्यांवर होता, आणि दोन्ही प्लगचा रंग. त्यावरून पायलट जेट बदलायचं की नाही ते सांगता येईल.